प्रोजेक्टचं शेवटचं प्रकरण

"तुमचं गिऱ्हाईक कोण?" मुलीनं वहीवर पेन टेकवून विचारलं.

"ज्यांचं पोट सुटलंय ते," काकू म्हणाल्या. "ज्यांचं आत गेलंय तेही. पण ते थोडे."

मुलगी खुदकन हसली. काकूंना बरं वाटलं. या दुकानात कुणी हसल्याला बराच काळ लोटला होता.

दुकान म्हणजे कपडे दुरुस्तीची एक चिंचोळी खोली. पँट आखूड करायची, कोट सैल करायचा, झिप बदलायची. नवरा होता तेव्हा दोन मशीन चालायची. तो गेल्यावर त्याच्या मशीनवर चिंध्यांचा ढीग साठत गेला. मुलगा परदेशात. दर रविवारी त्याचा फोन यायचा. "बरी आहेस ना?" असं विचारायचा, आणि काकू हो म्हणेपर्यंत त्याची फोन ठेवायची वेळ झालेली असायची.

सहामाही परीक्षा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी ही मुलगी शाळेचा स्कर्ट लांब करून घ्यायला आली. बारावीची, उंच, चष्मेवाली. काकू शिवण उसवेपर्यंत स्टुलावर बसून राहिली. स्कर्ट हातात पडल्यावरही उठेना.

"काकू, आम्हाला एक प्रोजेक्ट असतो," ती शेवटी म्हणाली. "लहान धंद्याची जाहिरात कशी करायची. तुमच्या दुकानावर केला तर चालेल?"

"माझ्या दुकानात काय आहे करण्यासारखं?"

"म्हणून तर."

तेव्हापासून दर सोमवारी आणि गुरुवारी शाळा सुटली की ती यायची. आई कामावरून सातला परतायची, तोवर घरी कुणी नसायचं. मुलीनं आधी पाटीला हात घातला. 'येथे शिलाईची सर्व कामे होतील' हे पुसून तिनं ठळक अक्षरांत लिहिलं, 'झिप बिघडली? आत या.' मग हातानं कार्डं केली. काम झालेल्या प्रत्येक कपड्याच्या खिशात एक कार्ड सरकवायचं, असा तिचा हुकूम होता. महिन्याभरात अनोळखी माणसं दारात येऊन "ते झिपचं इथंच का?" असं विचारू लागली. नवऱ्याच्या मशीनवरचा ढीग काकूंनी उचलला, मशीनला तेल पाजलं. मुलीला सरळ शिवण घालायला शिकवलं. ती वाकडीच घालायची, पण जीव ओतून घालायची.

एका गुरुवारी काकूंनी सहज विचारलं, "आणि हे झालं की पुढं काय?"

"मग एकच प्रकरण राहतं. 'मागे वळून पाहताना'. काय केलं, काय चुकलं, काय शिकले. ते लिहिलं की संपलं."

काकूंची सुई बोटात घुसली. त्यांनी बोट तोंडात घातलं.

त्या दिवसापासून काकू उत्तरं राखून ठेवू लागल्या. दुकान कधी सुरू झालं हे त्यांना तारखेसकट पाठ होतं, तरी म्हणाल्या, "कागद शोधावे लागतील गं, सोमवारी बघू." सोमवारी म्हणाल्या, कपाटाची किल्ली सापडत नाही. जुनी गिऱ्हाइकं का तुटली, हे विचारल्यावर डोकं दुखतंय म्हणाल्या. मुलगी कधी कुरकुरली नाही. "असू दे काकू, गुरुवारी सांगा," म्हणायची, वही मिटायची आणि मशीनवर जाऊन बसायची.

काकूंना मात्र स्वतःची लाज वाटू लागली. वर्ष सरत आलं होतं. इतर मुलांची प्रोजेक्टं केव्हाच झाली असतील, आणि ही पोर आपल्या टोलवाटोलवीपायी मागे पडतेय. एका मंगळवारी त्यांनी सबबी सांगणं थांबवून खरोखरच कागद पुढं ओढला. दुपारभर बसून सगळ्या प्रश्नांची उत्तरं लिहिली. दुकानाची तारीख, नवऱ्याचं आजारपण, गिऱ्हाइकं कशी पांगली ते सगळं. चार पानं भरली. गुरुवारी एकदम हातात द्यायची आणि तिला मोकळी करायची, असं त्यांनी ठरवलं. मग पानांवर कात्री ठेवली.

बुधवारी एक बाई जाकिटाची झिप बदलायला आल्या. हातात मुलीनं केलेलं कार्ड होतं.

"आमच्या शाळेत एकीच्या कोटाच्या खिशात निघालं," बाई म्हणाल्या. "मी बारावीला वाणिज्य शिकवते."

काकूंनी जाकीट बाजूला ठेवलं. "म्हणजे प्रोजेक्ट तुम्हीच तपासता?"

"मीच."

"तुमची एक मुलगी माझ्याकडे येते. उंच, चष्मेवाली, कोपऱ्यात एकटीच बसत असेल."

"हो, आहे ना. गुणी मुलगी."

काकूंनी पदराला हात पुसले. "बाई, तिचे मार्क कापू नका. तिला उशीर झाला तो माझ्यामुळे. तिनं विचारायचं आणि मी उत्तर द्यायला टाळाटाळ करायची, असं चाललंय. मुद्दाम केलं मी. प्रोजेक्ट संपला की ती यायची बंद होईल, म्हणून." त्यांनी चार पानं पुढं केली. "यात सगळं आहे. आता तिचं एकच प्रकरण उरलंय."

बाईंनी पानं हातात घेतली. पहिलं वाचलं, दुसरं उलटलं. मग गोंधळून काकूंकडे पाहिलं.

"पण प्रोजेक्ट तर सहामाहीच्या आधीच जमा झाले," त्या म्हणाल्या. "आणि तिचा चौकातल्या सायकलच्या दुकानावर होता."