तिसऱ्या रांगेचा निकाल

"तिसऱ्या रांगेत कोण बसणार ते आधी ठरवा. गाडी त्यावरच ठरते," सेल्समन म्हणाला.

हे वाक्य तो येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला ऐकवत असे. आज मात्र त्याचा आवाज जरा जास्तच गोड निघाला. सकाळीच मॅनेजरने केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, की महिना संपत आला तरी त्याच्या हातून एकही हायब्रिड विकली गेलेली नाही. आज विकली तर ठीक, नाहीतर उद्यापासून मागच्या आवारात गाड्या धुण्यावर देखरेख. सेल्समन टाय लावणारा माणूस होता. तिथे टाय भिजला असता.

गिऱ्हाईक मात्र हातचं सोडू नये असं होतं. दोन छोट्या गाड्यांमधून सहा माणसं उतरली होती. एक गृहस्थ, एक बाई, एक आजी, दहा-अकरा वर्षांचा मुलगा, तेवढीच मुलगी आणि एक शेंडेफळ. एका गाडीत न मावणारं कुटुंब म्हणजे तीन रांगांच्या गाडीसाठी वरूनच धाडलेलं.

"जुळी का?" त्याने मोठ्या दोघांकडे बघत विचारलं.

एकच टूथब्रश दोघांत वापरा असं कुणीतरी सांगितल्यासारखी पोरं एकमेकांकडे बघायला लागली. आजींना एवढं हसू आलं की त्यांना चष्मा काढावा लागला.

"दिसतात का तशी?"

"अगदी! वाकडं तोंड करायची तऱ्हासुद्धा एकच."

"तुम्ही पुढे बसा," गृहस्थ बाईंना म्हणाले. "तुम्हाला पाय पसरायला बरं पडेल."

सेल्समनने कान टवकारले. नवरा बायकोला 'तुम्ही' म्हणायला लागला की समजायचं, सकाळी घरात भांडी आपटलेली आहेत. आणि भांडलेलं जोडपं गाडी घेत नाही, हा त्याचा दहा वर्षांचा अनुभव होता.

चक्कर मारून बघायला सगळे गाडीत चढले. मधल्या रांगेत आजी, शेंडेफळ आणि सेल्समन बसले. मागे ती दोघं. गृहस्थांनी बटण दाबलं. काहीच झालं नाही.

"बंद पडली," आजी म्हणाल्या.

"सुरू झालीय आजी. हायब्रिड आहे ना, हळू जाताना बॅटरीवर चालते. आवाज करत नाही."

"म्हणजे काम करते आणि बोलून दाखवत नाही? आमच्या घराण्यात असं अजून कुणी झालं नाही."

गाडी रस्त्याला लागली आणि मागे लढाई पेटली.

"बाबा, हा मला ढकलतोय!"

"आई, हिचं कोपर बघ कुठे आलंय!"

बाईंनी मागे वळून पाहिलं, गृहस्थांनी आरशात. ओरडलं कुणीच नाही. तू आधी, तू आधी, असं काहीतरी नजरेनेच चाललं होतं. सेल्समनने घाईघाईने मधली सीट पुढे सरकवून दाखवली. मागच्यांच्या गुडघ्यांना ऐसपैस जागा झाली आणि त्याचे स्वतःचे गुडघे हनुवटीला टेकले.

"बघा, तिसऱ्या रांगेतसुद्धा माणूस बसू शकतो," तो गुडघ्यांमधून म्हणाला.

मागून खुसखुस ऐकू आली. ती दोघं आता एक होऊन त्यालाच हसत होती.

गृहस्थ गुणगुणायला लागले.

"बाबा गाडी चालवताना गातात," मुलीने जाहीर केलं.

"सुरात?" बाईंनी विचारलं.

"छे!"

बाईंनी थोडा विचार केला. "गाणं चालेल. पण स्टिअरिंगवर ठेका धरलेला नाही चालायचा."

गृहस्थांची बोटं जागच्या जागी थांबली. इतक्या वर्षांनंतरही अटी घालते ही बाई, सेल्समनला वाटलं. विक्रीची आशा त्याने मनातल्या मनात सोडली, आणि आशा सुटल्यावर माणूस खरं बोलायला लागतो.

"एक सांगून ठेवतो," तो म्हणाला. "शहरात फिराल तर पेट्रोल चांगलं वाचेल, हायवेवर फारसं नाही. आणि तिसरी रांग उभी असली की डिकीत दोन पिशव्या मावतात, बस्स. एकतर माणसं न्या, नाहीतर सामान."

"आपण माणसं नेऊ," बाई म्हणाल्या. गृहस्थांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की मागच्या गाडीवाल्याला हॉर्न वाजवावा लागला.

परत आल्यावर गृहस्थ म्हणाले, "आम्हाला पाच मिनिटं द्याल? पोरांशी बोलायचंय."

सेल्समन शोरूमच्या काचेआड जाऊन उभा राहिला. बाहेर गाडीपाशी सगळी गोल करून उभी होती. बाई वाकून काहीतरी विचारत होत्या. मुलीने हात वर केला. शेंडेफळाने दोन्ही हात वर केले. आजींनी त्यातला एक खाली केला. मुलगा बुटाच्या टोकाने जमीन उकरत राहिला. मग त्याचाही हात वर आला, सावकाश, कोपरापासून. बाईंनी रुमाल काढून डोळ्यांना लावला.

किंमत आठवून रडली, सेल्समनने ताडलं. आता टाय सोडायला हरकत नव्हती.

तेवढ्यात सगळी वरात आत आली.

"ठरलं," गृहस्थ म्हणाले.

"पेट्रोल?"

"हायब्रिड. रंग पोरं सांगतील."

सेल्समनला मॅनेजरची पापी घ्यावीशी वाटली.

"फक्त पुढच्या महिन्याच्या वीस तारखेच्या आत हवी," बाई म्हणाल्या.

"पंचवीसला दिली तर?"

"नाही हो जमणार. वीसला लग्न आहे."

"अरे वा! घरचंच का? कुणाचं?"

बाईंनी गृहस्थांकडे पाहिलं आणि गृहस्थांनी पोरांकडे. पोरांनी मोठ्या मनाने मान हलवली.

"आमचं," दोघं एकदमच म्हणाली.