सगळ्यात हलकी विजेरी

"याहून हलकी नाही का, लास्त्रीताई?" हांडोकोसाहेबांनी विचारलं. मेर्बाबू डोंगराच्या पायथ्याला माझं दुकान आहे. चढणारे विजेरी इथूनच नेतात.

"होती. माझ्या नवऱ्यानं नेली. गेल्या वर्षी तुमचं कलिंगड वाहायचं होतं ना, शिखरावर कापून फोटो काढायला? मग त्यानं स्वतःचंच सामान हलकं केलं."

साहेब विजेऱ्यांच्या टोपलीत बघत म्हणाले, "एकेकाचं नशीब, ताई."

"हो ना. तुमचं चांगलं निघालं."

आमच्या गावचे हमाल वरच्या तळावर पोचले की संध्याकाळी गावाकडे तीनदा विजेरी चमकवतात. म्हणजे, पोचलो, आता जेवून घ्या. गेल्या वर्षी त्या संध्याकाळी मी चमकण्याची वाट बघत अंगणात उभीच राहिले. माझा नवरा, पार्मिन, सापडलाच नाही.

साहेबांनी सगळ्यात छोटी विजेरी उचलली. तिच्यात घालायचे सेल मी नुकतेच मुठीत घेतले होते.

भरदुपारी ती त्यांच्या तोंडावर चमकली आणि विझली. पुन्हा चमकली.

"बटण दाबू नका," मी म्हणाले.

"मी कुठे दाबतोय!"

तिसऱ्यांदा चमकून ती विझली. माझ्या मुठीत सेल रुतत होते.

"काय झालं, ताई?"

"काही नाही," मी म्हणाले. "पोचला."