विजारीचा हुकूम

व्हिएतनामच्या राजधानीतून, ह्वेच्या दरबारातून हुकूम आला: यापुढे बायकांनी घागरा घालायचा नाही, चिनी बायकांसारखी विजार घालायची. का, ते राजालाच ठाऊक. बाजाराच्या तोंडाशी शिपाई बसले; घागऱ्यातल्या बाईला आत सोडेनात.

"अहो थिनचे बाबा, सोडा ती विजार," न्हाम नवऱ्याला म्हणाली. "विड्याची पानं सुकायला लागलीत माझी."

"घरात एकच तर विजार आहे. मी काय घालू?"

"सगळ्या गावात आज हेच चाललंय," असं म्हणत ती टोपली उचलून गेलीसुद्धा.

दुपारी अंमलदार तपासणीला आला. बाजारातली एकूण एक बाई विजारीत पाहून तो हरखलाच. "शाबास! पुरुषांनी गावाला चांगली शिस्त लावलीय. बोलवा सगळ्यांना, दरबाराकडून तांदळाची दारू!"

नगारा वाजला. पण देवळाचं अंगण रिकामंच. अखेर मुखियाने कुंपणाआडून फक्त डोकं वर काढलं.

"सरकार, घागऱ्याची मनाई बायकांनाच आहे ना?"

"अर्थात बायकांनाच!"

"मग या रे सगळे!" मुखिया मागे वळून ओरडला, आणि दोन्ही हातांनी घागरा वर धरून सगळ्यांच्या पुढे धावत सुटला.