सारे फोटो परत आले

लेक अपेक्षा गेल्यापासून मोहिनीजवळ तिचे फोटो तेवढे उरले होते. नालवाडीतल्या दुकानातून आणलेल्या स्वस्तातल्या हार्ड डिस्कवर तिनं ते उतरवून ठेवले होते. "असल्या डिस्कचा भरोसा नसते वहिनी," असं दीर म्हणायचा. म्हणून घरचा कॉम्प्युटर जळाला तेव्हा तिनं घाईनं त्याचा लॅपटॉप मागून आणला.

लॅपटॉपला तिनं डिस्क जोडली. डिस्क आतून कटकटली, आणि एकेक करत सारे फोटो उघडले. मोहिनीला रडूच फुटलं.

मग तिच्या लक्षात आलं. केळझरच्या गणपतीपुढे समोर बघून हसणारी अपेक्षा आता बाजूला पाहत होती. वाढदिवसाच्या फोटोतही तसंच. प्रत्येक फोटोत चेहरा भेदरलेला आणि नजर उजवीकडे.

उजवीकडे, दाराशी तिचा नवरा रोशन उभा होता. अपेक्षा बुडाली त्या दिवशी वावरातल्या विहिरीवर तिच्यासोबत तोच गेलता.

"आले का वं सारे?" त्यानं विचारलं.

"आले," ती कशीबशी म्हणाली.

तो खुर्चीमागून फिरून तिच्या डाव्या हाताला येऊन उभा राहिला.

पडद्यावर अपेक्षाची नजर हळूहळू डावीकडे वळली.

"बंद कर थे," रोशन म्हणाला.