गव्हाचा नवस

"गव्हानं कोणी बिमार पडते का भाऊ?" हॉटेलाच्या गल्ल्यावर बसलेला भगवानराव पोट हलवून हसला. "आमच्या इकडं तं बिमार माणसाले गव्हाची लापशी देतात."

उद्धव हसला नाही. त्याच्या गावी, वडनेर भोलजीत, कोणाला सांगितलं असतं तर पटलं नसतं. स्वतःच्या लग्नात स्वतःचेच जोडे लपवून सगळ्या मेहुण्यांना मांडवभर पळवणारा माणूस हा. पण आज त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. टेबलाखाली पाय हलत होता. नजर भटारखान्याच्या दाराकडे.

समोर त्याची बायको शारदा बसली होती, सकाळपासून उपाशी. लग्नाला आले होते संग्रामपूरला. पंगतीत वरण-बट्टी. वाढपी ज्या हातानं गव्हाची बट्टी चुरायचे, त्याच हातानं भात वाढायचे. शारदा पान तसंच ठेवून उठली. घरून आणायचा डबा उद्धव ओट्यावरच विसरला होता, म्हणून ती त्याच्याकडे बघतही नव्हती. गव्हाच्या पिठाचा कण जरी पोटात गेला तरी ती आठ-आठ दिवस अंथरूण धरायची. दर हॉटेलात ती डॉक्टरनं सांगितलेलं बिमारीचं नाव नीट, सावकाश सांगायची. दर हॉटेलात लोक माना डोलवायचे आणि तिला बिमार पाडून पाठवायचे.

"ज्वारीचीच भाकर हाये ना भाऊ, पण?" उद्धवनं विचारलं.

"ज्वारीचीच. थापताना वरून जरा गव्हाचं पीठ लावा लागते. नाही तं चिकटते. तेवढ्यानं का होते?"

शारदानं पिशवी उचलली. "चला. घरी जाऊन खाऊ."

घर लांब होतं. उद्धव उठला. गल्ल्यापाशी गेला, इकडं तिकडं पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला.

"आता तुमच्यापासून का लपवू? बिमारी-बिमारी काही नाही. नवस हाये तिचा, देवीचा. गव्हाचा कणबी ताटात आला तं मोडते."

भगवानरावाचं हसू जागेवरच विरलं. तो गल्ला सोडून उठला.

"मंग हे पयलेच सांगा लागत होतं ना! छाया, ओ छाया! तवा राखेनं घासून घे. नवी परात काढ. हात धू. गव्हाचा डबा तिकडं दूर सरकव."

उद्धव परत येऊन बसला. पाय जरा थांबला.

"देवाच्या नावानं तरी खोटं बोलू नका," शारदा दातांमधून म्हणाली.

"तू खरं बोलून काय मिळवलं आजवर? जेव चुपचाप."

भाकरी आली. फुगलेली, वाफाळती, नुसत्या पाण्याच्या हातावर थापलेली. सोबत भरीत आणि मिरचीचा ठेचा. घेऊन आली भगवानरावाची सून, छाया. तिच्या पदराला पोरगी लटकलेली. हातापायाच्या काड्या, पोट मात्र डेऱ्यासारखं. हातात साखर लावून गुंडाळलेली गव्हाची पोळी.

"काकू, नवस कोणासाठी बोलल्या व्हत्या?" छायानं विचारलं.

शारदा काही बोलायच्या आत उद्धवच्या अंगात आलं. "माह्यासाठी. खाल्लं का पोट फुगे, संडास लागे. वाळून लाकूड झालो व्हतो. हिनं गहू सोडला अन् आता पाह्य मले." त्यानं आपल्या ढेरीवर थाप मारली.

छाया हसली नाही. ती तिथंच खाली टेकली.

"माही छकुली तशीच हाये काका. काही अंगी लागत नाही. किती औषधं झाली. डॉक्टर म्हणते हलकं खाऊ घाला, म्हणून पोळीच देऊन राह्यलो." तिनं हात जोडले. "आजपासून मीबी सोडीन गहू. देवी पावली तं पोरगी वाचते माही."

छकुलीनं पोळीचा मोठा घास घेतला.

उद्धवचा पाय पुन्हा हलायला लागला. त्यानं पोरीच्या पोटाकडं पाहिलं, पोळीकडं पाहिलं. मायनं गहू सोडायचा आणि पोरीनं खात राहायचं. 

"नवस-बिवस काही नाही बाई. मी खोटं बोललो. हिले खरंच बिमारी हाये. गव्हाचीच. तुह्या पोरीलेबी तेच असंन."

 गल्ल्यावरून भगवानरावाचं हसू पुन्हा गडगडत आलं.

"मस्करी करता का भाऊ? गव्हानं कोणी बिमार पडते का?"

"आईच्यान सांगतो," उद्धव म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो घामाघूम होऊन खरं बोलत होता, आणि कोणीच ऐकत नव्हतं. छाया पोरीला कडेवर घेऊन उठली. "देवीच्या नावाची अशी थट्टा करू नये काका. नवस मी बोलली."

शारदानं हातातला घास ताटात ठेवला.

"ये छाया, बस इथं. ह्यायचं बोलणं मनावर नको घेऊ. हे कवाच खरं बोलत नाहीत."

उद्धवनं तोंड उघडलं. तिनं एकाच नजरेत ते मिटवलं.

"नवसच हाये. पण त्याची रीत ह्यायले ठाऊक नाही. गहू मायनं सोडून चालत नाही, ज्याचं पोट दुखते त्यानंच सोडा लागते. अन् सोडायच्या आधी पोरीले बुलढाण्याले मोठ्या दवाखान्यात न्यावं लागते. कोणती तपासणी करायची त्याचं नाव मी सांगीन, घोकून ठेव."

भगवानरावानं दोन्ही कानांना हात लावले. "उद्याच नेतो वहिनी. पण देवीले दवाखाना कायले पायजे?"

शारदानं भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला.

"रक्त तपासल्याबिगर आमची देवी नवस घेत नाही."