भेटायची वेळ

ड्यूटी संपवून दवाखान्याचा वॉचमन तडक चर्चमध्ये गेला आणि अंगावरच्या गणवेशासकट कबुलीच्या जाळीपुढे गुडघे टेकून बसला.

"फादर, काल भेटायची वेळ टळल्यावर एक म्हातारी धापा टाकत आली होती, महिना झाला त्याला, पण माझ्यासाठी ते कालच आहे. तिचा मुलगा वर शेवटच्या घटका मोजत होता. मला ठाऊक होतं ते. हातापाया पडली माझ्या. मी म्हटलं, आजी, नियम म्हणजे नियम, उद्या वेळेत या. उद्यापर्यंत तो राहिला नाही."

"चौकशी झाली असेल?"

"झाली ना. साहेबांनी पाठ थोपटली. म्हणाले, वॉचमन असावा तर असा."

जाळीपलीकडे फादर पुढे झुकले. मग म्हणाले, "देवाच्या दहा आज्ञांतली कोणती मोडलीस?"

"तीच तर पंचाईत आहे, फादर. एकेक घोकून पाहिली. एकही मोडली नाही. मोडली असती, तर निदान तिचं नाव घेऊन रडलो असतो."

"पाप कळावं म्हणून नियम दिलाय रे. आपण त्याच्याच आड लपतो." फादरांचा आवाज मऊ झाला. "पस्तावलायस ना? देव तुला क्षमा करील."

वॉचमन उठला नाही.

"देव करील हो. पण ती म्हातारी अजून रोज येते. वेळ व्हायच्या कितीतरी आधी दारात उभी असते. माझा हात धरून म्हणते, 'त्या दिवशी मलाच उशीर झाला रे बाळा, माफ कर मला.'"