यंत्र बंद आहे ना?

सी तुहामींनी अंगातला जाड लोकरी झगा काढला, समोरच्या मायक्रोफोनवर टाकला आणि मगच रबाब मांडीवर घेतला.

"आता यंत्र बंद कर," ते म्हणाले.

मुफद्दलने काचेपलीकडे हात हलवला. तिथे यंत्रापाशी बसलेल्या बुशराने बटण दाबलं आणि दारावरचा लाल दिवा विझला.

तेतुआन शहरात स्टुडिओ एकच, पण त्याबद्दल गवयांची मतं दोन. तरुणांना तो आवडायचा, कारण चुकलं की पुन्हा वाजवता येतं आणि चूक कुठे गेली हे कोणी विचारत नाही. म्हाताऱ्यांना आवडायचा नाही. चीज लांबवायची की आवरायची हे ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरतं. आवाज गिळायला नमदा ठोकलेल्या भिंतीला कुठलं आलंय तोंड, असं ते म्हणत. खरं कारण ते सांगत नसत. यंत्रात गेलेली चीज सगळ्यांची होते. अंदलुसी गायकीतले जुने उस्ताद खास चिजा पोटच्या पोरांनाही देत नसत, आणि दिल्याच तर एखादी जागा बदलून देत.

सी तुहामींकडे अशी एक चीज आहे, असं गावात बोललं जाई. तिचे शब्द सगळ्या जुन्या वह्यांत होते. चाल दुसऱ्या कोणालाच येत नव्हती. उस्ताद स्वतः कधी हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. चार महिन्यांपूर्वी एका लग्नात मात्र तिच्या दोन ओळी गुणगुणले आणि मुफद्दलने मान वळवताच गप्प झाले.

मुफद्दल त्यांचा जुना शिष्य, आता शहरातल्या संगीतसंस्थेचा प्रमुख. नऊ वर्षं खपून त्याने सगळा जुना साठा यंत्रात भरला होता, एवढी एक सोडून. उस्ताद एक्याऐंशीचे, छातीत कायमची घरघर. ते गेले की चाल गेली. जुन्याच्या बाबतीत मुफद्दल फार कडक. कोणी नवी चाल घेऊन संस्थेत आलं की तो विचारायचा, "बांधणारा मेलाय का? मेला असेल तर बस."

झग्याखालचा मायक्रोफोन दाखवण्यापुरता होता. दुसरा त्याने सकाळीच कोपऱ्यातल्या विजेच्या शेगडीमागे दडवला होता.

"सी मुफद्दल, ही चोरी आहे," बुशरा म्हणाली होती.

"मग काय कबरीत जाऊन मागू?"

उस्तादांनी खोली निरखली. एक टाळी वाजवली, आवाज जागच्या जागी मेला तसं तोंड वाकडं केलं. मग खुर्ची ओढत थेट शेगडीजवळ नेली. गुडघे धरलेत, म्हणाले. मुफद्दलने काचेपलीकडे बुशराकडे पाहिलं. शेगडी पेटलेली नव्हती, पण म्हाताऱ्याच्या ते ध्यानात आलेलं दिसलं नाही.

"यंत्र बंद आहे ना?"

"बंद आहे, उस्ताद. शपथ घेऊ?"

"नको. शपथ कशाला वाया घालवतोस?"

ते गायले. तिसऱ्या ओळीत खोकल्याची उबळ आली, तेव्हा पाणी पिऊन ती ओळ त्यांनी मुळापासून पुन्हा घेतली, स्वच्छ. मुफद्दलने मनात अल्लाचे आभार मानले. चाल कोणाकडून मिळाली असं त्याने विचारलं, तर उस्ताद रबाब गवसणीत घालत राहिले.

"देणारा देतो," एवढंच म्हणाले. "ऐकलीस ना? आता विसर."

घरी जाताना मुफद्दलला शंकेने घेरलं. इतक्या सहज? नक्की एखादी जागा बदलली असणार. आठ दिवसांनी त्याने त्यांना पुन्हा बोलावलं, नीट लक्षात राहिली नाही म्हणून. उस्ताद कुरकुरले, स्मरणशक्तीवरून दोन टोमणे मारले, पण आले. झगा पुन्हा मायक्रोफोनवर पडला, खुर्ची पुन्हा शेगडीशी गेली.

बुशराने दोन्ही गाणी एकामागून एक लावली. केसाचाही फरक नव्हता. खोटी जागा घालणारा दुसऱ्यांदा ती विसरतो, हे मुफद्दलला पक्कं ठाऊक होतं. तो स्वतः शिष्यांना तशाच चिजा द्यायचा.

वसंतातल्या एका शुक्रवारी ती रेडिओवर लागली. चारशे वर्षं हरवलेली चीज सापडली, असं निवेदक म्हणाला. त्या दुपारी मुफद्दल सी तुहामींच्या घरी गेला. कुसकुसचं ताट अजून मधोमध होतं. त्याने उस्तादांच्या खांद्याचं चुंबन घेतलं आणि शेगडीमागचं सगळं सांगून टाकलं.

उस्तादांनी चमचा खाली ठेवला.

"किती जणांना शिकवलीस?"

"चाळीस जणांना. यंदा परीक्षेलाही लावलीय. फास आणि रबात शहरांतल्या संस्थांनीही मागून नेली."

"म्हणजे आता परत घेता येणार नाही."

"नाही, उस्ताद. वाटल्यास मला मारा."

"नीघ."

मुफद्दल मान खाली घालून गेला. लल्ला रहीमू, उस्तादांची बायको, चहाचं तबक घेऊन स्वयंपाकघरातून आली. रेडिओवर तीच चीज पुन्हा लागली होती. ती उभ्या उभ्या ऐकत राहिली.

"ही तर तुम्ही आपल्या थोरलीच्या बारशाला, सातव्या दिवशी बांधलेली चाल," ती म्हणाली. "संस्थेत नेलीत तेव्हा सगळे हसले होते."

"हळू बोल," सी तुहामी म्हणाले. "तो अजून जिन्यातच असेल."